प्ले आलाय

रणधीरनं जीप तीन इंच उचलली
आणि मग स्वतःच उडाला, मस्कतला.
माझ्याकडं राहिली ही उंच बया.

बालिंग्याच्या पुढं, साठच्या वेगाला
डाव्या चाकाला एक खड्डा लागतो
आणि सगळं थरथरायला लागतं,
स्टिअरिंग, काच, गुलालाची पुडी,
पेटीतल्या लशींच्या बाटल्या,
माझे दात.
थांबावंच लागतं. पूर्ण.
मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतो,
गाणं तसंच चालू ठेवून.

उद्यमनगरात, इलाही शिकलगारांच्या शेडमध्ये
बाकावर तीन डँपर.
पिवळा, जोडीचा, दोन्हीकडनं धरणारा.
"पोरं ह्योच नेत्यात. फोटोत बरा दिसतोय."
लाल, गॅसचा. दांडा दाबला की आपला आपण बाहेर.
"ह्यो एका अंगाला ढकलत ऱ्हातोय, मॅडम.
सरळ रस्त्यालाबी. कळत न्हाई, पण ढकलतोय."
तिसरा काळा, तेलाचा.
दाबला तर दबतो, ओढला तर येतो,
सोडला तिथं राहतो.
"ह्याला सोताचं मत न्हाई."

मी पिवळ्यावर बोट ठेवलं. केवढ्याला?
चाचांनी भाव सांगितला नाही.
म्हणाले, आधी खाली या.

खाली म्हणजे जीपखाली, पोत्यावर पाठ टेकून.
डोळ्यांपासून वीतभर वर वाळलेलं शेण,
माझ्याच फेऱ्यांचं.
वर ओंक्या स्टिअरिंग हलवतोय,
डावं, उजवं, जरासंच.
"हितं अंगठा ठेवा. सांध्यावर. डोळं मिटा."

डोळे मिटून हात घालणं हे तर माझं रोजचं.
साळवणला, असळजला, गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली
खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात.
बोटांनी खूर शोधायचा, पुढचा की मागचा,
हा गुडघा की घोटा,
आणि भोवती उभ्या घरच्यांना
चेहऱ्यावरून कळू द्यायचं नाही
की मला अजून कळलेलं नाही.

तर ठेवला अंगठा.
टक्.
दांडा आधी हलला, सांधा मागून.
मधली केसाएवढी फट
कुणाच्याच मालकीची नव्हती.

"एंड गेलाय," मी म्हणाले.
"आनि?"
सरकत गेले. पाट्याचा बुश. किंगपिन, उजवीकडं.
"आनि कोन," चाचा म्हणाले.
"उचलताना पाटं बदललं, कोन तसाच.
चाक रस्त्याकडं नीट बगतच न्हाई.
पिवळा घातला असता तर थरथर थांबली असती.
प्ले न्हाई थांबला. नुसता ऐकू आला नसता.
मग एक दिस गगनबावड्याच्या घाटात..."
पुढचं त्यांनी चिंधीला हात पुसत गिळलं.

वडगावच्या बाजाराला लंगडं जनावर
एका सुईवर चारी पायांनी चालताना पाहिलंय मी.
सुई माझीच होती. एकदाच.
कुणाचं जनावर ते सांगणार नाही.

दोन दिवस गेले. एंड, बुश, बेअरिंग,
एक्सलखाली दोन पाचरी.
सगळ्यात शेवटी तो काळा, एकटा.
रणधीरला फोटो पाठवला.
त्याचं उत्तर: पिवळा का नाही घेतलास?

बालिंग्याच्या पुढं, तोच खड्डा. साठ.
दात आवळलेले.
धप्प.
एवढंच.
कळ्यापर्यंत मी तशीच, मुठी घट्ट,
जीप सरळ चाललेली
आणि थरथर माझ्याच मनगटांत उरलेली.

असळजहून फोन. रेडकू आडवं आलंय,
कुठवर आलायसा?
आले, म्हटलं,
स्टिअरिंगवर एकच हात.